खाली ये, दोनच मिनिटं

रविवारी आठच्या मालिकेत एका माणसाने खिडकीखाली उभं राहून वर हाक मारली, आणि सासूच्या घरी कोचावर बसलेल्या पाओलोच्या हातातली बशी कलली. बशीतली लोणच्याच्या काकडीची फोड गालिच्यावर पडली. एवढंच झालं. कुणाचं लक्षही गेलं नाही, कारण सासू साल्मे आणि त्याची बायको मेरिके, दोघी मायलेकी, पोट धरून हसत होत्या. मालिकेचा हा तिसराच भाग, पण सगळं विल्यांदी गाव ती बघत होतं. बेप्पे नावाचा एक इटालियन गुंड नेपल्सहून पळतो, एस्टोनियातल्या एका खेड्यात येऊन पडतो आणि तिथे नव्याने संसार मांडतो. बर्फावर घसरतो, पंचायतीच्या बाईला चीज देऊन वश करू बघतो, अंगणात शिरलेल्या रानहरणाला 'तुझा बाप कोण, सांग' म्हणून दरडावतो. आज त्याला कुंपणावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याला धडा शिकवायचा होता. तो खिडकीखाली गेला, टोपी काढली, मान तिरकी केली आणि लाडीगोडीने म्हणाला, "अरे, जरा खाली ये ना. दोनच मिनिटं." शेजारी बिचारा खाली आला. पुढे त्याला पोत्यात घालून कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं. पाओलोला पुढचं दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं.

"अगदी आपला पाओलो!" साल्मे डोळे पुसत म्हणाली. "कसं बोलतो बघ मेला. 'दोनच मिनिटं!' जावई, तूच शिकवलंस ना रे त्याला?"

"मी नाही," पाओलो म्हणाला, आणि त्या दोघी पुन्हा हसल्या, कारण त्याचं 'मी नाही'सुद्धा तसंच आलं होतं. आखूड स्वर लांब, लांब स्वर आखूड. बेप्पेचं काम करणारा नट तार्तूचा, चांगला पिढीजात एस्टोनियन. पण त्याने कुठल्या तरी इटालियनाचं बोलणं नीट कान देऊन ऐकलं असणार. पाओलो वाकला, काकडीची फोड उचलली, रुमालाने गालिचा पुसला. वाकलेला असताना त्याला आपल्या कानाच्या पाळ्या तापल्याचं जाणवलं. ते शब्द त्याचे होते. याच क्रमाने, याच गोडीने. फक्त ते एस्टोनियन नव्हते, दक्षिण इटलीतल्या तारान्तोच्या बोलीत होते, आणि ते ऐकून जो माणूस खाली आला त्याला पोत्यात घातलं नव्हतं.

तेव्हा त्याचं नाव एजिदिओ होतं. फेब्रुवारीतली सकाळ, साडेसातचा सुमार. जुन्या गावातली ती गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या बायका खिडकीतून एकमेकींना मीठ देत. कातालदो तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याचे आतल्या समुद्रात, ज्याला ते लहान समुद्र म्हणत, काळ्या शिंपल्यांचे दोर होते. खांबांना बांधलेले, पाण्यात सोडलेले, वर ओढले की द्राक्षांच्या घडांसारखे लगडून येणारे. एजिदिओ चौदा वर्षांचा असताना कातालदोनेच त्याला होडीत घेतलं होतं. सुरी कशी धरायची, शिंपल्याच्या कुठल्या कडेला टोक लावायचं, अंगठा कुठे ठेवायचा, हे सगळं त्याने शिकवलं. शिकवताना एकदा सुरी निसटली तेव्हा एजिदिओच्या तळव्यातलं रक्त त्याने समुद्राच्या पाण्याने धुतलं आणि म्हणाला, "आता तू आमच्यातला." पण एजिदिओ त्यांच्यातला झाला नाही. त्याला गाड्यांचा नाद. आतेभाऊ मिम्मो त्याला गाडी द्यायचा, चांगली, नवी. बदल्यात कुठे तरी नेऊन सोडायचं, कुठे तरी इंजिन चालू ठेवून थांबायचं. मिम्मोच्या माणसांनी धक्क्यावरच्या सगळ्या शिंपलेवाल्यांना हप्ता बांधून दिला होता. एकटा कातालदो नाही म्हणाला. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा तो न्यायाधीशाकडे जाणार अशी बातमी आली. मिम्मो म्हणाला, "तुझ्या हाकेला येईल तो. तुझा आवाज ओळखतो. जरा घाबरवू, बस्स." आणि एजिदिओने गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, काच खाली केली, मग वाटलं की गाडीतून हाक मारणं बरं दिसणार नाही, म्हणून उतरला, खिडकीखाली गेला. कातालदो डोकावला तेव्हा त्याच्या एका गालावर साबणाचा फेस होता. "अरे तू? एवढ्या सकाळी?" "खाली ये ना जरा. दोनच मिनिटं." "दाढी तर होऊ दे." "दोनच मिनिटं रे." आतून त्याच्या बायकोचा, रोसारियाचा आवाज आला, कोण आहे म्हणून. कातालदो म्हणाला, "आपला एजिदिओ."

'मला वाटलं, नुसतं घाबरवणार.' हे वाक्य त्याने कोर्टात म्हटलं. लिहिणाऱ्या बाईने ते लिहून घेतलं, न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, त्याने खाली सही केली. तेव्हापासून इतकी वर्षं तो ते वाक्य दातात अडकलेल्या कणासारखं जिभेने चाचपत आला होता. वाटलं होतं का? मिम्मोने त्या सकाळी हातमोजे घातले होते. थंडी होती, हेही खरं. त्याने हातमोजे पाहिले आणि नजर गाडीच्या काट्यांकडे वळवली, पेट्रोल किती आहे ते पाहिलं. माणूस पेट्रोलचा काटा कधी बघतो? लांब जायचं असतं तेव्हा. एवढं त्याने कोर्टात सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्याच्या साक्षीने मिम्मो आणि दोघे आत गेले. त्याला थोडी शिक्षा झाली, मग नवं नाव मिळालं, नवं जन्मगाव मिळालं, बारी. काही वर्षं उत्तरेत काढल्यावर तो स्वतःहूनच सगळ्यांत लांबच्या, सगळ्यांत सपाट देशात आला. इथल्या लोकांना प्रश्न विचारायची सवय नव्हती. गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्याने बसचा परवाना काढला.

सोमवारी सकाळी वीरात्सीच्या थांब्यावर पहिली म्हातारी चढली आणि तिकीट दाखवायच्या आधी बोट उंचावून म्हणाली, "दोनच मिनिटं!" मागे चौघी जणी हसल्या. त्यानंतर ते थांबलंच नाही. मुस्त्लाच्या वाटेवर, दवाखान्याच्या थांब्यावर, बाजाराच्या चौकात, कुणाला धावत यायचं असलं की लांबूनच ओरडायचे, "बेप्पे, थांब, दोनच मिनिटं!" आणि तो थांबायचा. हे लोक नऊ वर्षं त्याच्या मागे बसून खिडकीबाहेर बघत आले होते. कुणी कुणाशी बोलत नाही, इथे तीच सभ्यता. आता ते पुढे येऊन बसू लागले. कुणी घरची सफरचंदं आणून द्यायचं. डेपोतल्या काल्यूने, जो इंजिनांखाली आयुष्य काढून पाठीने वाकलेला मेकॅनिक होता, पाओलोच्या कपाटावर बेप्पेचं मासिकातलं चित्र चिकटवलं.

"काढ ते," पाओलो म्हणाला.

"का रे बाबा? पोलीस मागावर आहेत का?"

"काढ म्हटलं ना."

"बघा, बघा, तापला! आता मला खुराड्यात कोंडतो हा." काल्यूने त्याच्या पाठीवर तेलकट हाताने थोपटलं. "अरे, प्रेमाने करतो आपण. इतकी वर्षं तू इथे आहेस, पण तुझ्याशी काय बोलावं हेच कुणाला कळत नव्हतं. आता निदान एक विषय झाला."

हे खरं होतं. साल्मेसुद्धा बदलली होती. लग्नात तिने त्याचा हात दोन बोटांनी धरला होता. आता ती त्याच्यासाठी बार्लीची लापशी आणि डुकराचं मांस वेगळं काढून ठेवायची. सगळ्यांना तो आवडू लागला होता. एखाद्या माणसाने खून केला आणि ते त्याला पाहून हसतात, असं नव्हतं. तसं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. आवडत होता तो भलताच कुणी, आणि त्याची जागा अडवून हा बसला होता. रात्री मेरिके शेजारी झोपलेली असताना तो छताकडे बघत मोजायचा की तिला किती ठाऊक आहे. बारी. आईबाप लहानपणी वारले. भाऊबहीण नाही. तळव्यावरचा व्रण, शिंपले सोलताना. एवढी एकच गोष्ट खरी होती, आणि तिला ती सर्वांत खोटी वाटायची. "तू आणि शिंपले!" ती म्हणायची. "तू तर मासाही खात नाहीस."

पुढच्या आठवड्यात त्याने जेवणाच्या सुट्टीत, तळ्याच्या काठी उभं राहून, साक्षीदारांना संरक्षण देणाऱ्या रोमच्या कचेरीचा नंबर लावला. पाठ असलेला. शेवटचा फोन केल्याला चार वर्षं झाली होती. एका बाईने उचलला. तिला त्याचं नवं नाव सांगितलं, मग जुनं. जुनं नाव उच्चारताना त्याची जीभ अडखळली, आणि त्याला उगाचच लाज वाटली.

"काय अडचण आहे, सिन्योरे?"

"इथे एक मालिका लागते. टीव्हीवर."

"मालिका."

"विनोदी. एका इटालियन माणसावर. लोक म्हणतात, तो माझ्यासारखा आहे."

 कळा दाबल्याचे आवाज आले. "तुमची फाइल दोन वर्षांपूर्वी बंद झाली. पत्र पाठवल्याची नोंद आहे. तुमच्या जिवाला धोका असल्याचं आमच्याकडे आता काही नाही."

"मिम्मो आहे ना आत."

"एक मिनिट." पुन्हा कळा. "ते वारले. सप्टेंबरमध्ये. यकृताच्या आजाराने. तुम्हाला कळलं नव्हतं का? मला वाईट वाटतं."

"आणि दुसरे?"

"एक जण सुटून मुलीकडे राहतात, वय झालंय. एक अजून आत आहेत. तुमची चौकशी कुणी केलेली नाही, सिन्योरे. एकानेही नाही. तुम्ही निर्धास्त राहा." मग जरा मऊ आवाजात, "बघा की मालिका. हसा जरा."

तळ्यावर बदकं नव्हती, ती केव्हाच दक्षिणेला गेली होती. त्याने फोन खिशात ठेवला. इतकी वर्षं तो कुठल्याही खोलीत भिंतीला पाठ लावून बसला होता. परक्या नंबरची गाडी दिसली की तिचा नंबर डोक्यात साठवत आला होता. घराच्या दाराला तीन कड्या बसवल्या तेव्हा मेरिके म्हणाली होती, "इथे कोण येतं चोरी करायला?" त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं की एक दिवस कुणी तरी येईल, खाली उभा राहील, हाक मारेल आणि तो जाईल. भीती होती, पण त्या भीतीत एक शिस्त होती. ती उठल्यापासून झोपेपर्यंत त्याला धरून होती. आता कुणी येणार नव्हतं. आणि त्याला इतकं एकटं वाटलं की तो बसमध्ये जाऊन बसला, आणि सुट्टी संपायला वीस मिनिटं असताना इंजिन सुरू केलं.

तेव्हाच त्याने ठरवलं की मेरिकेला सांगायचं. दुसरं कुणी विचारणारं उरलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघरात हिवाळ्यासाठी कोबी चिरत होती. मोठी बादली, मीठ, शहाजिरं, खिडकीवर वाफ. ती ग्रंथालयात काम करायची आणि प्रत्येक काम पुस्तकं लावावीत तसं करायची. कोबीचे दोरेसुद्धा एकासारखे एक. तो दारात उभा राहिला.

"मेरिके, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"माझं नाव पाओलो नाही."

सुरी थांबली. तिने वर पाहिलं, आणि ओठांचा एक कोपरा हलला. "माहितीये. बेप्पे."

"नाही, ऐक. माझं नाव एजिदिओ. मी बारीचा नाही, तारान्तोचा. मी तुरुंगात होतो."

"किती वर्षं, सिन्योर बेप्पे?"

"मेरिके, हसू नकोस. मी माणसाने मारलं."

"'माणसाला,'" ती म्हणाली. "'माणसाने' नाही. किती वर्षं सांगतेय मी." आणि मग तिला आपल्याच बोलण्याचं इतकं हसू आलं की हातातली सुरी ठेवून ती टेबलाला टेकली. "आई गं. आईला सांगितलं पाहिजे हे."

त्याच्या चेहऱ्यावरही हसू आलं. ते त्याला थांबवता आलं नाही. समोरचा हसला की चेहरा हसतो, इतक्या वर्षांची सवय. या भाषेत चौदा विभक्त्या होत्या आणि त्यातल्या पाच त्याला कधी सापडल्याच नाहीत. या भाषेत त्याने पाव विकत घेतला होता, तिकिटं दिली होती, तिला लग्नाचं विचारलं होतं, तेव्हाही ती हसली होती, पण ते हसणं वेगळं होतं, त्या हसण्याने त्याला घरात घेतलं होतं. आता त्याला दिसलं की या भाषेत त्याच्याकडे एकही जड शब्द नाही. जे उचलावं ते हलकं, टीव्हीतल्यासारखं. तिची चूक नव्हती. त्यानेच स्वतःला असं हलकं करून तिच्या घरात आणलं होतं.

आणि मग तो बोलायला लागला ते तारान्तोच्या बोलीत. ठरवून नाही. पहिला शब्द निसटला, तो हाकेचा होता, आणि त्याच्यामागे सगळं आलं. होडी, दोर, सुरी, हातमोजे, पेट्रोलचा काटा, गालावरचा फेस. कातालदो खाली आला तेव्हा हातातल्या टॉवेलने गाल पुसत होता आणि म्हणाला होता, काय रे, आई बरी आहे ना? कारण इतक्या सकाळी कुणी दुसऱ्या कशासाठी बोलावतं?  एजिदिओ गाडीकडे वळला. मागे त्याने गोळीचे दोन आवाज ऐकले, मग एक, आणि वरच्या खिडकीतून रोसारियाने त्याचंच नाव घेऊन हाक मारली. नवऱ्याचं नाही, एजिदिओचं. मदतीला. हे त्याने आजवर मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं, कोर्टातही नाही. बोलता बोलता तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला होता, हे त्याला नंतर कळलं. त्याचा आवाज जाड, खालचा, गल्लीतला झाला होता. हात बोलत नव्हते, मांडीवर पडून होते.

मेरिके हसायची केव्हा थांबली ते त्याने पाहिलं नाही. ती भिंतीशी उभी होती. तिला त्यातला एक शब्दही कळणं शक्य नव्हतं.

"हे काय होतं?" ती म्हणाली.

"तेच. जे सांगत होतो ते."

"असा आवाज..." तिने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "आपल्या भाषेत सांग."

त्याने तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी, कुठला प्रत्यय लावावा ते शोधू लागला. तिने हात वर केला. "नको. आत्ता नको." ती बादलीकडे वळली, मीठ घातलं, आणि दोन्ही मुठींनी कोबी दाबत राहिली, पाणी सुटून वर येईपर्यंत, आणि आल्यावरही.

रविवारी ती आईकडे गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. साल्मेचा फोन आला, "ती नाही तर नाही, तू तरी ये, मी एकटी काय हसू?" आणि तो गेला. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. त्याने लापशी खाल्ली, कोचावर बसला, पाचवा भाग पूर्ण पाहिला. बेप्पे एका विधवेच्या प्रेमात पडला होता आणि तिचं छप्पर दुरुस्त करत होता. साल्मे म्हणाली, "मनाने चांगला आहे गं बाई हा. काय केलं असेल ते केलं असेल, माणूस बदलतो." तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. तो घरी आला तेव्हा मेरिके पाठ करून झोपली होती, पण झोपलेल्या माणसाचा श्वास त्याला ओळखता येत होता, आणि हा तो नव्हता.

सोमवारी ती नेहमीप्रमाणे वीरात्सीला आठ वाजून दहाच्या बसमध्ये चढली. एरवी ती त्याच्या मागच्या सीटवर बसून वाचायची. आज ती बसली नाही. त्याच्या बाजूला, दांडी धरून उभी राहिली. मागे म्हाताऱ्यांची कालच्या भागावरून चेष्टामस्करी चालली होती, "बेप्पे, माझंही छप्पर गळतंय हो!" कुणी तरी ओरडलं. त्याने आरशात बघून मान हलवली.

"परवा तू एक नाव सारखं घेत होतास," मेरिके हळू आवाजात म्हणाली. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "कातालदो."

"हो."

"जिवंत आहे?"

गावात शिरताना वळण होतं. त्याने ते पूर्ण घेतलं. "नाही."

"तुझ्यामुळे?"

"हो."

 शाळेचा थांबा आला, लोक उतरले, लोक चढले, तिला बाजूला सरकावं लागलं, ती पुन्हा आली. "त्याची बायको होती?"

"रोसारिया. तिसऱ्या मजल्यावर. आता कुठे आहे, ठाऊक नाही."

"तिला माहीत आहे, तू कुठे असतोस?"

"नाही. कुणालाच माहीत नाही."

"मला माहीत आहे," मेरिके म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यात काय होतं ते शोधायला त्याला मान वळवायला हवी होती, आणि समोर पादचाऱ्यांचा पट्टा होता. ग्रंथालयाचा थांबा आला. त्याने दार उघडलं. ती उतरली, तीन पावलं गेली आणि पदपथावर थांबली, पाठमोरी, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. ग्रंथालय डावीकडे होतं आणि ती तिकडे वळत नव्हती. त्याने दार उघडंच ठेवलं. थंड हवा आत येऊ लागली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्या गाडीने. "चला की हो," मागून एक बाई म्हणाली, "माझी डॉक्टरची वेळ आहे." त्याने आणखी थोडं थांबून पाहिलं. मग बटण दाबलं. दार बंद झालं, आणि तो निघाला.